किंमत सांगितल्यानंतर

ग्रॅहम टॉली पहिल्याच दिवशी म्हणाला,
"किंमत सांगितलीस की तोंड बंद.
त्यानंतर जो आधी बोलेल, गालिचा त्याच्या गळ्यात."
मला वाटलं, विनोद आहे. हसले.
तो नाही हसला.

किडरमिन्स्टर. गालिच्यांचं गाव, असं अजून म्हणायचं.
आमचं दुकान रेल्वेपुलाच्या अलीकडे,
आत भिजल्या कुत्र्यासारखा लोकरीचा वास,
नमुन्यांच्या जाडजूड वह्या,
आणि मी,
जेवताना गप्प बसलं तर ताप आलाय का विचारतात
अशा घरातली.

सहा महिने हरतच होते.
"अकराशे चाळीस पौंड," म्हणायचे,
समोरचा माणूस छताकडे बघायचा
आणि माझी जीभ सुटायची:
म्हणजे, बसवण्याचे धरून.
म्हणजे, खालचा फोम फुकट देऊ.
म्हणजे, जास्त वाटत असेल तर...
एकेक 'म्हणजे' चाळीस पौंडांना पडत होता.
ग्रॅहम मागे चहा ढवळत मोजायचा.

भाषा शिकले. इंग्रजी नव्हे, ती येतच होती. इथली.
"नॉट बॅड" म्हणजे जीव जडलाय.
"लव्हली" म्हणजे काहीच नाही.
"आय विल हॅव अ थिंक" म्हणजे बघू,
आणि 'बघू' म्हणजे काय
हे संगमनेरच्या माणसाला सांगावं लागत नाही.

तिथे बाबांचं भांड्यांचं दुकान.
या वहिनी, बसा, पाणी घ्या, धाकटीचं कुठवर आलं,
दिवसभर तोंडाचा पट्टा.
मी धरून चालले होते
की बाबा बोलून विकतात.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी
मिसेस पार्जेटरच्या घरी जिना मोजायला गेले.
तेरा पायऱ्या. टेप दातात धरून वर चढताना
चौथी कुरकुरली.
"ही वाजतेय," मी म्हटलं, "स्क्रू मारून देऊ,
पस्तीस पौंड फक्त."
बाई गप्प.
जिभेच्या टोकावर 'म्हणजे' आला होता,
पण तोंडात टेप होती.

मग त्याच म्हणाल्या, कठड्याला,
"नातू रात्रपाळीला असतो. पार्सलच्या गोदामात.
पहाटे चारला ती वाजते.
मग मी झोपते."

मी चौथीवर पुन्हा पाय दिला. ऐकलं.
आणि कुठून कोण जाणे, बाबा आठवले:
गिऱ्हाईक अडलं की बोलणं अर्ध्यात टाकून
तांब्या तळहातावर घ्यायचे,
बोटाच्या पेराने एकदाच टिचकी.
तो नाद दुकानभर फिरून, विरून,
बाहेर टांग्याच्या घोड्यापर्यंत जाईतो
बाबा अवाक्षर काढत नसत.
वहिनीही नाही.
इतकी वर्षं मला फक्त
'पाणी घ्या' तेवढं आठवत होतं.

खाली आले. वहीत बेरीज केली.
"नऊशे साठ," म्हटलं,
आणि थांबले.
डाव म्हणून नाही, खरंच सांगते,
त्या आकड्याचं पुढे काय होतंय
ते ऐकायचं होतं.
स्वयंपाकघरात बॉयलर पेटला.
रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं.
बाईंनी खिडकीवरच्या कुंडीतलं
एक पिकलं पान खुडलं,
खिशात घातलं.
"नॉट बॅड," म्हणाल्या.

दुकानात येऊन ऑर्डर लिहिली.
हिरवा, गर्द, ऐंशी टक्के लोकर.
खाली, ठळक अक्षरात:
चौथ्या पायरीला हात लावू नये.

ग्रॅहमने चष्मा कपाळावर सरकवला.
"पस्तीस पौंड सोडलेस? का?"

मी त्याच्याच चमच्याने
माझा चहा ढवळत राहिले.